पात्यातला तिसरा चेहरा

अक्दसनं आधी कात्री कापडात घातली आणि मग ते वाक्य बोलली. आधी बोलली असती तर मुनव्वर खानमला तिचा हात धरता आला असता.

"रंग मात्र निवडून काढलाय हो. चार दुकानं पालथी घातली म्हणे बिचारीनं. प्रत्येक ठाण उलगडायला लावायचं, गालाला लावून बघायचं आणि परत ठेवायचं."

"कोणी? आमच्या वन्संनी?"

"वन्सं कशाला घालतात चार दुकानं! माहरुखनं. पिरूजच्या आईनं." अक्दसच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ती पुटपुटल्यासारखी बोलत होती. कात्री साडेचार मीटरमधून कर्र कर्र पुढे चालली होती. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? आता बघा! मी आपली मुबारक म्हणणार होते. सगळ्या गल्लीत झालंय, बाईंनी काळं उतरवलं, रक्त माफ केलं."

तळघरातल्या त्या शिलाईच्या खोलीत इस्त्रीची वाफ कोंडली होती. बाकावर आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि त्यांतली एक आपल्या पिशवीचे बंद उगाच बांधू लागली. मुनव्वर खानम कापडाकडे बघत राहिली. वांग्याच्या फुलासारखा फिकट जांभळा रंग. परवा परातीत आरसा, खडीसाखर आणि हे कापड ठेवून तिची नणंद तलअत तीन बायकांना घेऊन आली होती. "पुरे आता, वहिनी. चार वर्षं झाली. मेलेल्यासाठी खूप घातलंत, आता आम्हा जिवंतांसाठी उतरवा," असं म्हणून तिनं तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल स्वतःच्या हातानं सोडला होता. दुःखातल्या माणसानं आपण होऊन काळं उतरवायचं नसतं, वडीलधाऱ्यांनी येऊन उतरवायचं असतं, आणि आलेली परात नाकारायची नसते. तिचे पाय दुखत होते, बायका लवकर जाव्यात असं वाटत होतं, म्हणून तिनं मान हलवली. तेवढंच. चार बायकांनी ते पाहिलं. आणि ते कापड, ज्यानं तिच्या मुलाच्या पोटात सुरा घातला होता, त्याच्या आईच्या गालाला लागून आलं होतं.

"थांब," ती म्हणाली.

"झालं की, बाई. बाह्या निघाल्या," अक्दस म्हणाली.

ती वर रस्त्यावर आली तेव्हा तिला उघड्यावर आल्यासारखं वाटलं. चार वर्षांनी अंगावर तपकिरी कोट होता. काळ्यात असताना तिला कोणी धक्का देत नसे. पावाच्या दुकानासमोरच्या रांगेत माणसं आपोआप बाजूला होत, भाजीवाला वांगी स्वतः निवडून देई. काळ्याचा एक पडदा होता आणि त्या पडद्याआड ती वाटेल त्या चेहऱ्यानं बसू शकत होती. आता पाव भाजणारा नानबाई हसून म्हणाला, "या या, खानम, किती बरं वाटलं तुम्हाला असं बघून," आणि तिच्या मनात आलं की या माणसालाही ठाऊक आहे. याला वाटतंय, बुधवार टळला.

बुधवार टळला नव्हता. न्यायालयाचा कागद फडताळात, साखरेच्या डब्याखाली होता. रक्ताचा हक्क एकट्या तिचा होता. तिच्या मुलाला, बहरंगला, बाप उरला नव्हता, बायको-मूल नव्हतं. मागे राहिली ती आई. तिनं सही करून सोडलं तर पिरूज जगणार होता, नाहीतर बुधवारी फास. इतकं सोपं. चार वर्षं तिनं हा बुधवार मागितला होता, खेटे घालून, कारकुनांसमोर उभं राहून. आणि तो मिळाल्या दिवसापासून घराची घंटा वाजायची थांबली नव्हती.

आले ते सगळे गोड बोलणारे होते. मशिदीचे हाजी आगा आले, निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, कसल्याशा समितीचे तिघे आले. चहा पुढे ठेवला की म्हणत, आधी शब्द द्या, मग चहा. चहा गार व्हायचा. मग त्यांतला कोणी घसा साफ करायचा आणि एक गोष्ट सांगायचा. एका पादशहाची, एका कैद्याची, एका दरवेशाची. ती ऐकत बसायची आणि तिला कळायचं की यांना तिच्याकडून सही नको आहे, गोष्टीचा शेवट हवा आहे. शेवट आधीच ठरलेला होता, फक्त म्हातारीनं त्यात आपलं नाव घालायचं होतं. एकदा हाजी आगांनी तिलाच तिची गोष्ट सांगितली. "एक होता लोहार," त्यांनी सुरुवात केली, "तुम्हाला काय सांगायचं, बाई, तुम्ही तर शिकवायचात." हो, शिकवायची. एकतीस वर्षं.

लोहाराच्या भावाला एका खोगीर शिवणाऱ्यानं मारलं. पादशहा म्हणाला, हा घे तुझा गुन्हेगार, रक्त घे नाहीतर सोड. लोहार म्हणाला, तलवार मी माझ्या हातानं घडवीन, चाळीस दिवस द्या. चाळीस दिवस त्यानं लोखंड तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, आणि भाता ओढायला त्या खुन्यालाच बसवलं. चाळिसाव्या दिवशी पातं उचललं तर त्यात दोन चेहरे दिसले, दोन्ही काजळीनं काळे. आपला कुठला आणि त्याचा कुठला, हे त्याला ओळखू येईना. त्यानं तलवार टाकली. पादशहानं त्याला खिलत दिली, मानाचा झगा.

काय शिकवायची ती हे! 'काजळीनं काळे' या शब्दांपाशी आवाज खाली आणायची, खडू फळ्यावर टेकवून क्षणभर थांबायची. वर्गात मधोमध रॉकेलची शेगडी असे, थंडीत तिच्यावर मुली संत्र्याच्या साली ठेवत आणि सगळ्या वर्गाला जळक्या सालीचा वास यायचा. निळे झगे, पांढऱ्या कॉलरी, त्या काळी वेण्यांना पांढऱ्या फिती. नंतर फिती गेल्या, वेण्या दिसेनाशा झाल्या, भिंतीवरची तसबीर बदलली, पण लोहार तसाच राहिला. पुस्तक नवं आलं की ती आधी पान उलटून बघायची, लोहार आहे ना? असायचा. रक्त आणि क्षमा यांना कुठलंही राज्य चालतं. दरवर्षी ती निबंध घालायची, न्याय मोठा की क्षमा, आणि क्षमा लिहिणाऱ्या मुलींना विसांपैकी अठरा द्यायची. न्याय लिहिणारी मुलगी नसायचीच. मुली शहाण्या होत्या, बाईंना काय हवं ते त्यांना कळायचं.

एक सोडून. तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसायची, बोटं कायम शाईनं भरलेली, गालावर देवीचा एक व्रण. तिनं लिहिलं होतं, लोहारानं तलवार चालवायला हवी होती. पात्यात त्याला दोनच चेहरे दिसले, कारण तो वाकून बघत होता. तिसरा चेहरा त्याच्या भावाचा. तो पात्यात कसा दिसेल? तो मातीत आहे. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्या वतीनं लोहारानं खिलत का घेतली?

मुनव्वर खानमनं तिला आठ गुण दिले होते. वर्गासमोर उभं केलं होतं. "हृदय नाही का तुला?" असं विचारलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. मुलगी रडली नाही. तिनं फक्त वही मागितली.

त्या मुलीचं नाव माहरुख. पिरूजची आई.

न्यायालयात पहिल्या दिवशी तो व्रण दिसला तेव्हा मुनव्वर खानमच्या पोटात एक क्रूर आनंद उसळला होता. तो तिनं कोणाला सांगितला नाही. चार वर्षं तो तिनं कोळशासारखा राखेखाली जपला होता. कधीतरी ही येईल, पदर पसरील, क्षमेचं बोलेल, आणि मग मी हिला हिचा निबंध तोंडपाठ म्हणून दाखवीन. त्या निबंधातलं एकेक वाक्य तिला पाठ होतं. स्वतःच्या मुलाचा आवाज मात्र ती विसरत चालली होती. बहरंग फोनवर 'हं, बोल' म्हणायचा, ते कसं म्हणायचा? पाणी-कूलर दुरुस्त करायचा तो, त्याच्या कपड्यांना ओल्या गवताचा वास यायचा. पेट्रोलच्या रांगेत नंबर कोणाचा यावरून भांडण झालं. दोन मोटारसायकली, दोन मुलं, एकमेकांच्या आईवरून शिव्या. म्हणजे तिच्यावरून आणि माहरुखवरून. गोष्टींमध्ये असं काही नसतं. गोष्टींमध्ये खून कशावरून झाला ते कोणी सांगत नाही, कारण ते सांगितलं तर लाज वाटेल.

घरी तलअत आली होती, भाज्या निवडत बसली होती, मेथीच्या काड्या मोडत.

"कापड कोणाचं होतं, वन्सं?"

तलअतचा हात थांबला नाही. "कापड कापडासारखं होतं."

"मला माझ्या घरात फसवलंत."

"फसवलं तर फसवलं. काय करायचं होतं मी? तुम्ही तर दार उघडता, चहा ठेवता आणि दगड होऊन बसता. ती माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली, वहिनी. तीन तास. उठवलं तरी उठेना. म्हणाली, माफी मागत नाही, एवढं कापड पोचवा."

"आणि तुम्ही गल्लीत सांगत सुटलात."

"मी नाही सांगितलं. तिघी होत्या बरोबर, कोणाकोणाचं तोंड शिवू? अक्दसकडे देऊ का शिवायला?" तलअत स्वतःच्याच विनोदावर हसायला गेली आणि तिला रडू आलं. "तो माझाही भाचा होता. माझ्या भावाचा एकुलता एक. पण मला आता फास बघायचा नाही. मला रात्री पाठीवर झोपता येत नाही, गळ्याशी काहीतरी येतं."

"मग कुशीवर झोपा," मुनव्वर खानम म्हणाली.

तलअत भाजी तशीच टाकून निघून गेली. दार आपटलं नाही, ते जास्त लागलं. मेथीचा कडवट वास खोलीभर होता. ती निवडलेल्या पानांकडे बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, आपण वाईट बाई झालो आहोत. मग वाटलं, झालो नाही, होतो. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या भावाच्या रक्तावर अठरा अठरा गुण वाटत होतो. कोणाच्या जिवावर एवढं औदार्य? जिच्या घरातलं कोणी मेलं नाही तिला क्षमा शिकवायला किती सोपं जातं. शेगडीवर संत्र्याच्या साली, खिडकीबाहेर नारिंगाचं झाड, महिन्याच्या एक तारखेला पगार. त्या मुलींपैकी कोणाचा भाऊ युद्धावर गेला, कोणाचा बाप तुरुंगात होता, आणि ती आवाज खाली आणून म्हणायची, काजळीनं काळे. कुठल्यातरी बाकावर कोणीतरी तिचा तेव्हा द्वेष केला असेल. करायलाच हवा होता.

दुपारी चारला घंटा वाजली. वाजवण्याच्या पद्धतीवरूनच तिला कळलं. एकदाच, आखूड.

माहरुख एकटी होती. बरोबर कुराण नाही, कोणी वडीलधारं नाही, हातात काही नाही. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि व्रण त्या सुजेत बुडाला होता. ती आत आली, गालिच्याच्या कडेवर बसली. मुनव्वर खानमनं सवयीनं चहा आणला. पुढे ठेवला आणि वाट बघितली, आता म्हणेल, आधी शब्द द्या.

माहरुखनं साखरेचा खडा दाताखाली धरला आणि चहा प्यायली. अर्धा पेला, एका दमात. "सकाळपासून काही पोटात नाही, बाई," ती म्हणाली.

"कापड परत मिळणार नाही. अक्दसनं कापलं."

"परत नकोच होतं."

"मला विकत घ्यायला आली होतीस?"

"साडेचार मीटरात?" माहरुख म्हणाली. तिच्या आवाजात किंचित तोच जुना उर्मटपणा होता, आणि तो ऐकून मुनव्वर खानमला बरं वाटलं. चार वर्षांत तिच्याशी कोणी उर्मटपणे बोललं नव्हतं.

"तू निबंध लिहिला होतास," ती म्हणाली. या क्षणासाठी तिनं चार वर्षं काढली होती. "ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्या वतीनं..."

"लोहारानं खिलत का घेतली," माहरुखनं वाक्य पुरं केलं. "आठ गुण दिलेत."

"मग?"

"मग काय! बरोबर लिहिलं होतं. आज घातलात तरी तेच लिहीन. माझ्या पिरूजला कोणी मारलं असतं तर मी फासाखालची खुर्ची स्वतःच्या पायानं ढकलली असती, बाई. तुमच्याइतकी चार वर्षं थांबलेही नसते."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मग इथं कशाला आलीस?"

"मी लोहाराची कोणी नाही ना, बाई. भात्यावर बसलेल्याची आई आहे मी. त्या गोष्टीत त्याची आई कुठे होती? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. दाराशीच असणार कुठेतरी. चाळीस दिवस ठोकल्याचा आवाज ऐकत." तिनं पेला खाली ठेवला. "मी माफी मागायला आले नाही. ते लोक तुम्हाला म्हणतात, थोर व्हा, थोर व्हा, मला ऐकून शिसारी येते. तुम्ही कशाला थोर व्हायचं? त्यानं मारलंय. मला माहीत आहे, त्यानं मारलंय. शर्ट मीच धुतला होता, पोलीस यायच्या आधी. रक्त गरम पाण्यानं निघत नाही, हेही मला तेव्हा सुचलं नाही."

मुनव्वर खानमला तो शर्ट दिसला. बादलीतलं पाणी दिसलं. ते तिच्या मुलाचं होतं, ते पाणी. तिला उठून या बाईचे केस धरावेत असं वाटलं. आणि त्याच वेळी तिला वाटलं, जगात ही एकच आहे जिनं त्या रक्ताला हात लावला, मी तर बहरंगला धुतलेला, पांढऱ्यात गुंडाळलेला पाहिला. मत्सरच होता तो. त्याला दुसरा शब्द नव्हता.

"कापड का आणलंस?"

"तुम्हाला त्या काळ्यात बघवेना. खोटं बोलत नाही, तुमच्यासाठी नाही. विटून हिरवट पडलंय ते खांद्यावर. बेकरीसमोर तुम्ही उभ्या असायच्या आणि मला वाटायचं, चार वर्षांनी मी अशी दिसेन." माहरुख गालिच्याच्या दशा बोटानं सरळ करत होती, एकेक, काळजीपूर्वक. "मी शिवून ठेवलंय माझं. गेल्या आठवड्यात. मंगळवारी शेवटची भेट आहे, बुधवारनंतर दुकानं शोधत कोण फिरणार? अक्दसकडे नाही टाकलं, ती बोलेल. घरीच शिवलं. कपाटात टांगलंय."

मुनव्वर खानमला ते दिसत होतं. कपाटातलं काळं नव्हे, त्याच्या नंतरचं. गुरुवारी गल्लीतल्या बायका खजूर आणि हलवा घेऊन कोणाच्या घरी जातील? तलअतही जाईल, रडेल, तिच्या खांद्यावर डोकं ठेवील. हाजी आगा तिथेही घसा साफ करतील. रांगेत माणसं तिच्यासाठी बाजूला होतील. तिच्या घरातही एक खोली बंद राहील, आणि तीही आपल्या मुलाचा आवाज हळूहळू विसरेल, आणि एखाद्या दुपारी दोघी एकाच भाजीवाल्यापाशी येतील, दोघी काळ्या, आणि लोक म्हणतील, दोघी आया. दोघी सारख्याच. त्यात फरक करायला कोणाला वेळ असतो? ज्यानं मारलं तोही बिचारा होईल, तरुण, फासावर गेलेला. त्याचा फोटो फ्रेममध्ये जाईल. बहरंगच्या फोटोला जोडीदार मिळेल.

तिच्या अंगातून एक थंड, स्वच्छ संताप वर आला. नाही. हे मी हिला देणार नाही. हे माझं आहे. हिला इथं येऊन बसू देणार नाही. हिनं तुरुंगाच्या फाटकावर उन्हात उभं राहावं, सुटून आलेल्या त्या नालायकाला जेवण वाढावं, त्याच्या हातांकडे बघत जेवावं. रोज. वीस वर्षं. त्याला नोकरी मिळू नये आणि हिनं त्याच्यासाठी लोकांच्या विनवण्या करत दारोदार फिरावं. पण काळं नाही घालायचं हिनं. तो हक्क नाही हिचा.

"ते घेऊन ये," ती म्हणाली.

"काय?"

"कपाटातलं. आत्ता जा आणि घेऊन ये."

माहरुख तिच्याकडे बघत राहिली. ती हुशार मुलगी होती, तेव्हाही वर्गात तिला दोनदा सांगावं लागत नसे. हळूहळू तिचा सुजलेला चेहरा वाकडा झाला आणि ती पुढे झुकली, पायांना हात लावायला.

"हात लावू नकोस मला," मुनव्वर खानम ओरडली. इतक्या मोठ्यानं की शेजारची खिडकी उघडली. "माफ नाही केलेलं मी! ऐकतेस का? त्याला नाही, तुलाही नाही. तो या गल्लीत दिसला तर मी दगड मारीन. आणि तू घरी जाऊन हसलीस तर तेही मला कळेल."

"हो, बाई."

"आणि गोष्ट करायची नाही याची. कोणापाशी."

"नाही करणार, बाई," माहरुख म्हणाली. ती अनवाणीच गेली, चपला दारातच राहिल्या.

सोमवारी न्यायालयाच्या त्या खोलीत पंखा कुरकुरत होता. तलअत बरोबर होती, तिच्या पिशवीत मिठाईचा डबा होता. बाहेर काढायचं धैर्य तिला होत नव्हतं. तरुण कारकुनानं छापील मजकूर वाचून दाखवला. मी, अमुक तमुकची आई, परमेश्वराच्या संतोषासाठी आणि अंतःकरणपूर्वक...

"ते खोडा," मुनव्वर खानम म्हणाली.

"काय खोडू?"

"अंतःकरणपूर्वक."

"खोडता येत नाही, खानम. छापलेलं आहे. खोडलं तर कागद रद्द होतो."

"मग त्याच्यापुढे लिहा, नाही म्हणून."

"जागा नाही तिथे." तो कावराबावरा होऊन तलअतकडे बघू लागला. "सगळ्यांचा असाच असतो. लोक नुसती सही करतात."

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिनं लेखणी घेतली. अंगातलं काळं माहरुखच्या मापाचं, खांद्याला ढगळ होतं, बाही मनगटाच्या खाली बोटांवर येत होती, ती तिनं दोनदा दुमडली. सही करताना तिचं अक्षर फळ्यावरच्यासारखंच आलं, गोल, सुटं, एकही रेघ न हललेली. कारकुनानं शिक्का मारला, आणि त्याचे डोळे भरून आले. पोरगेलाच होता, त्याला काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना.

"खानम, केवढं मन तुमचं. आता तरी हे काळं उतरवा."

"नवं आहे," मुनव्वर खानम म्हणाली. "अजून एकदाही धुतलेलं नाही."